अप्रेझल, लाल मणी आणि 'चूक कोणाची?'

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

 

मोसम कुठला आहे ते सांगायला नको. बाजारात हापूस आला की ऑफिसात अप्रेझल येतं. त्यामुळे सध्या मला येणारे मेसेज एकाच सुरातले असतात. 'वर्षभर मरमर काम केलं आणि रेटिंग काय, तर तीन.' पण त्यात एक मेसेज वेगळा होता. पाठवणारा नुकताच टीम लीड झालाय. तो म्हणतो, 'दादा, माझ्या टीममध्ये सहा जण आहेत. वरून सांगितलंय की एकाला तरी खालच्या खान्यात टाकायचंच. आकडे काढले तर एक जण खाली दिसतोय, पण मनाला पटत नाहीये. आकड्यांचं ऐकू की मनाचं?'

या प्रश्नाच्या उत्तरावर एका माणसाचं इन्क्रिमेंट, कदाचित नोकरीही अवलंबून आहे. म्हणून आजचा अख्खा एपिसोड यावरच. आणि योगायोग असा की मला जी गोष्ट सांगायची आहे, तिच्यातही सहाच माणसं आहेत.

डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग नावाचे एक अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होते. जन्म १९०० चा. युद्धात बेचिराख झालेला जपान पुन्हा उभा राहत होता तेव्हा, १९५० मध्ये, तिथल्या शास्त्रज्ञ आणि इंजिनियर मंडळींच्या संघटनेनं त्यांना व्याख्यानांसाठी बोलावलं. जपानी माल म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशी तेव्हाची ख्याती. डेमिंगनी तिथल्या कारखानदारांना गुणवत्तेमागचं संख्याशास्त्र शिकवलं आणि त्या लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्याच वर्षी डेमिंग यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला. तो आजही दिला जातो. आपल्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला तो २००३ मध्ये मिळालाय. खुद्द अमेरिकेत मात्र त्यांना बरीच वर्षं फारसं कोणी विचारत नव्हतं. १९८० मध्ये एनबीसी वाहिनीवर 'जपानला जमतं तर आपल्याला का नाही' अशा अर्थाच्या नावाचा माहितीपट लागला आणि मग ऐंशीला टेकलेल्या या आजोबांना मोठमोठ्या कंपन्यांची बोलावणी यायला लागली.

हे आजोबा आपल्या कार्यशाळेत एक खेळ करायचे. लाल मण्यांचा प्रयोग म्हणून तो प्रसिद्ध आहे.

एक डबा. त्यात ४००० मणी, त्यातले ८०० लाल आणि बाकीचे पांढरे. म्हणजे २० टक्के लाल. सोबत एक फळी, तिला ५० खळगे. फळी डब्यात बुडवायची, वर काढायची, ५० मणी आले की झालं एका दिवसाचं काम. गिऱ्हाइकाला पांढरे मणी हवेत. लाल मणी म्हणजे डिफेक्ट.

डेमिंग स्वतः फोरमन व्हायचे. समोर बसलेल्या बड्या बड्या मॅनेजरांमधून सहा जणांना 'कामगार' म्हणून बोलवायचे. वर तपासनीस, त्यांच्यावर मुख्य तपासनीस, आकडे लिहायला एक जण, असा सगळा थाट. मग कडक ट्रेनिंग. फळी अशीच धरायची, ४४ अंशांच्या कोनातच काढायची, हलवायची नाही, पद्धत बदलायची नाही, आपसात बोलायचं नाही. भिंतीवर गुणवत्तेचे फलक. आणि काम सुरू.

पहिल्या दिवशी कोणाचे ६ लाल आले, कोणाचे ९, कोणाचे १५. समजा असं झालं. सहावाल्याचं कौतुक, त्याला पगारवाढ. पंधरावाल्याची खरडपट्टी, त्याला नोटीस. दुसऱ्या दिवशी सहावाल्याचे येतात ११. फोरमन डोक्याला हात लावतो. बघितलंत? पगारवाढ डोक्यात गेली! पंधरावाल्याचे येतात ९. बघितलंत? दम दिला की माणूस सुधारतो! असं करत करत तीन दिवस संपले की फोरमन जाहीर करतो, कंपनी तोट्यात आहे, खालच्या तिघांना घरी पाठवा, वरच्या तिघांना डबल शिफ्ट द्या. 'सर्वोत्तम' कामगार ठेवूनही लाल मणी तेवढेच येतात, आणि कंपनी बंद पडते.

समोरचे लोक हसत असतात. कारण उघड आहे ना, डब्यात २० टक्के लाल असतील तर ५० मध्ये सरासरी १० लाल येणारच. आणि गणित केलं तर साधारण २ ते १८ यांच्यामधला कुठलाही आकडा निव्वळ योगायोगानं येऊ शकतो. दोनवाला हुशार नाही आणि अठरावाला आळशी नाही. दोघंही तोच डबा, तीच फळी वापरतायत.

घरी करून बघायचं असेल तर पांढरे वाटाणे ८०, हिरवे वाटाणे २०, एका पिशवीत मिसळा. घरातल्या पाच जणांना डोळे मिटून दहा-दहा काढायला सांगा आणि प्रत्येकाच्या नावापुढे हिरवे किती आले ते लिहा. प्रत्येकाचे वाटाणे मोजून झाले की ते परत पिशवीत टाकायचे, हे विसरू नका. तीन-चार फेऱ्यांत घरात 'स्टार परफॉर्मर' तयार होतो की नाही बघा. आमच्या घरी झाला होता, आणि त्याला खरंच वाटायला लागलं होतं की आपल्या बोटांत काहीतरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, खरं ऑफिस म्हणजे काही मण्यांचा डबा नाही. मान्य. खऱ्या कामात कौशल्य असतं, मेहनत असते, आळसही असतो. डेमिंग हे नाकारत नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच की तुमच्या आकड्यात कौशल्य किती आणि डबा किती, हे वेगळं न करता तुम्ही माणसांची रांग लावताय. त्यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात स्वतःचा अंदाज दिलाय, अडचणींपैकी ९४ टक्के व्यवस्थेतून येतात आणि ६ टक्के विशेष कारणांमुळे. सोशल मीडियावर हा ९४ चा आकडा शास्त्रीय सत्य म्हणून फिरतो. तो तसा नाही, एका अनुभवी माणसाचा तो अंदाज आहे. तुमच्या कामात तो ७० असेल किंवा ५० असेल. पण अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तो शून्य धरलेला असतो, ही खरी भानगड आहे.

माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं एक उदाहरण सांगतो. मी काही वर्षं पुण्यात एका कंपनीच्या कस्टमर सपोर्टमध्ये काम केलं. कंपनीचं नाव राहू दे. तिथे सगळं एका आकड्यावर चालायचं, एक कॉल सरासरी किती मिनिटांत संपवला. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर हिरवी नावं आणि लाल नावं. संध्याकाळच्या शिफ्टची नावं कायम लाल. सकाळची मंडळी हिरवी. मीटिंगमध्ये ऐकवलं जायचं की संध्याकाळची बॅच 'स्लो' आहे, त्यांच्यात 'ओनरशिप' नाही.

आमच्यात एक जण वयानं मोठा होता, सगळे त्याला दादाच म्हणायचे. त्यानं काय केलं, तर एक साधी शंभर पानी वही काढली आणि लांबलेल्या प्रत्येक कॉलपुढे कारण लिहायला सुरुवात केली. दोन आठवडे. आणि वही बघितल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच कारण आहे, 'रिफंड अप्रूव्हल बंद'. रिफंडला मंजुरी देणारा विभाग रात्री आठला घरी जायचा. आठनंतर फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला पैसे परत हवे असले की आमचा माणूस त्याला काहीच देऊ शकत नव्हता. मग काय करणार? समजूत काढत बसायचं. वीस-वीस मिनिटं. आकडा लाल होणार नाही तर काय होईल!

दादानं ती वही नेऊन मॅनेजर मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडम समंजस होत्या. महिन्याभरात रिफंडची वेळ वाढली, संध्याकाळची नावं हळूहळू हिरवी झाली. पण तोवर त्या शिफ्टमधल्या एका मुलीला 'सुधारणा योजने'त टाकलं होतं, म्हणजे ज्याला आपण पीआयपी म्हणतो त्यात. तिनं ते मनाला लावून घेतलं आणि राजीनामा दिला. वही टेबलावर गेली त्याच्या आधी. तिचं रेटिंग कोणी मागे जाऊन बदललं नाही. पुढच्या मुलाखतीत तिनं काय सांगितलं असेल? 'मी स्लो होते'?

या प्रसंगातला दादा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. कारण तो कॉल लवकर संपवणारा नव्हता, त्याचंही नाव स्क्रीनवर लालच असायचं.

माणसाच्या नावावर खपलेली पण खरं तर यंत्राची असलेली चूक म्हटलं की आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचं एक विचित्र दुखणं होतं. विमान सुखरूप उतरायचं, धावपट्टीवर धावत असायचं, आणि पायलट फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकंच वर घ्यायचा. विमान पोटावर आपटायचं. शेरा ठरलेला, पायलटची चूक. अल्फोन्स चपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ही चूक ठरावीक विमानांतच होते. सी-४७ उडवणारे पायलट ती करत नाहीत. मग काय सी-४७ वर फक्त हुशार पायलट जात होते? नाही. बी-१७ मध्ये चाकांचा आणि फ्लॅपचा, दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे होते. चपॅनिसनी चाकांच्या खटक्याला छोटंसं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला फ्लॅपसारखा निमुळता तुकडा. हाताला न बघता कळावं म्हणून. झालं, चूक थांबली. आजही विमानाच्या कॉकपिटचा फोटो बघा, चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखं गोल दिसेल. पायलटांना आणखी शंभर नोटिसा दिल्या असत्या तरी जे झालं नसतं, ते एका रबरी चाकानं झालं.

इथवर ऐकून काही जण खूश झाले असतील. म्हणजे सगळी चूक सिस्टिमची, आपण मोकळे! थांबा. पुढची गोष्ट थोडी त्रासदायक आहे, आणि मला वाटतं तीच जास्त कामाची आहे.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाचं शहर आहे. आज तिथे टेस्लाचा कारखाना आहे, आणि आसपास आपली मराठी मंडळीही भरपूर. त्याच जागी पूर्वी जनरल मोटर्सचा कारखाना होता. तो अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट कारखान्यांपैकी एक समजला जायचा. रोज साधारण २० टक्के लोक गैरहजर. कामावर दारू. मालकावर राग म्हणून काही कामगार गाडीच्या दाराच्या पोकळीत कोकची बाटली ठेवून द्यायचे, म्हणजे घेणाऱ्याला आयुष्यभर खडखड ऐकू येईल आणि ती कुठून येते ते सापडणार नाही. आणि एक नियम, लाइन थांबवायची नाही. इंजिन उलटं बसलं, बंपर विसरला, चालेल, गाडी पुढे जाऊ दे, नंतर दुरुस्त करू. १९८२ मध्ये कारखाना बंद झाला.

१९८४ मध्ये तोच कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत पुन्हा सुरू केला. नाव नम्मी. चालवायचा टोयोटानं. आणि माणसं कोण घेतली? बहुतेक तीच. जुने कामगार, तीच युनियन. साडेचारशेच्या आसपास लोकांना जपानला टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. दोनेक वर्षांत फ्रीमाँटच्या गाड्या गुणवत्तेत ताकाओकाच्या जवळपास पोचल्या. गैरहजेरी २०-२२ टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आली. तीच माणसं!

ही गोष्ट मॅनेजमेंटच्या वर्गात नेहमी इथेच थांबवतात. सिस्टिम बदलली, माणसं बदलली, टाळ्या. पण नेमकं काय बदललं ते बघा. टोयोटाच्या लाइनवर डोक्यावर एक दोरी असायची, तिला अँडनची दोरी म्हणतात. काही चुकतंय असं वाटलं की कामगारानं ती ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो आणि विचारतो, काय मदत करू? ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर अख्खी लाइन थांबते. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हा गुन्हा होता. नव्या कारखान्यात चूक दिसूनही दोरी न ओढणं, ही बेजबाबदारी होती.

म्हणजे नव्या व्यवस्थेत माणसावरची जबाबदारी कमी झाली नाही, वाढली! जुन्या कारखान्यात 'माझं काय जातंय' असं म्हणायची सोय होती. फोरमन बघून घेईल, पुढचा दुरुस्त करेल. दोरी डोक्यावर आल्यावर ती सोय गेली. पण ही जबाबदारी त्याच्यावर टाकली त्याच्याबरोबरच लाइन थांबवायचा अधिकारही दिला. आपल्याकडे अनेक ऑफिसांत काय होतं, 'ओनरशिप घ्या' असं सांगतात आणि साधा तीनशे रुपयांचा रिफंड मंजूर करायचा अधिकार देत नाहीत.

नम्मी काही स्वर्ग नव्हता, हेही सांगायला हवं. कामाचा वेग जबरदस्त होता. कामगार चळवळीतल्या काही लेखकांनी १९८८ मध्ये या पद्धतीवर पुस्तकच लिहिलं, आणि तिला ताणावर चालणारं व्यवस्थापन म्हटलं. त्यांचा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. आणि जनरल मोटर्सनं हीच पद्धत आपल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात न्यायला बघितली तेव्हा ती तिथे रुजली नाही. दोरी टांगणं सोपं आहे. दोरी ओढणाऱ्यावर न ओरडणं अवघड आहे.

आता उलट बाजू. व्यवस्था सडकी असेल तर माणसाची जबाबदारी किती?

वेल्स फार्गो ही अमेरिकेतली एक जुनी, मोठी बँक. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात बँकेची आठ प्रॉडक्ट बांधायची असा ध्यास होता. बचत खातं, क्रेडिट कार्ड, कर्ज, काय वाट्टेल ते. शाखेतल्या साध्या कर्मचाऱ्यांना रोजची टार्गेट्स, दिवसातून अनेकदा 'किती झाले' अशी विचारणा. ज्यांनी विमा किंवा क्रेडिट कार्ड विकलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मग लोकांनी काय केलं, तर गिऱ्हाइकांना न विचारता त्यांच्या नावानं खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये हे सरकारी कारवाईतून जगासमोर आलं तेव्हा अशा खात्यांचा अंदाज सुमारे २० लाख होता, पुढच्या वर्षी तो ३५ लाखांवर गेला. दंड १८.५ कोटी डॉलर. आणि बँकेनं सांगितलं की आम्ही काही वर्षांत या प्रकरणी ५३०० जणांना कामावरून काढलंय.

५३०० हा आकडा जरा तोंडात घोळवून बघा. आढीतला एखादा आंबा नासला तर आंब्याला दोष द्या, काढून टाका. पाच हजार आंबे नासतात तेव्हा आढी कोणी घातली ते विचारावं लागतं. बँकेनं बराच काळ प्रत्येक आंबा सुटा सुटा बघितला. काढला, टाकला, त्याच आढीत नवा ठेवला. टार्गेट तेच.

पण म्हणून ज्यानं दुसऱ्याच्या नावानं खातं उघडलं, त्याची चूक नाही? आहे. मी तरी ती माफ करणार नाही. कारण समोर एक खरा माणूस होता, त्याच्या खात्यातून फी कापली गेली. लाल मणी काढणारा कामगार फसवत नसतो, त्याच्या हातात निवड नसते. इथे निवड होती. अवघड होती, घरभाडं डोक्यावर असताना फार अवघड, पण होती. त्याच शाखांमध्ये काही लोकांनी वरिष्ठांना सांगितलं, बँकेच्या तक्रार क्रमांकावर फोन केले. आणि त्यातल्या काहींनी नंतर सांगितलं की त्यानंतर आपल्यालाच घरी बसवलं. म्हणजे दोरी होती, पण ओढली की तुमच्याच गळ्याला लागत होती.

आणि वर बसलेले? बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये पद सोडलं. २०२० मध्ये नियामकानं त्यांना १.७५ कोटी डॉलर दंड आणि बँकिंग उद्योगात आजन्म बंदी लावली. शाखांचा कारभार बघणाऱ्या वरिष्ठ अधिकारी कॅरी टॉलस्टेड यांनी तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा २०२३ मध्ये कबूल केला. तुरुंगात जावं लागलं नाही. काउंटरवरच्या माणसाचा निकाल एका दुपारी लागला होता, वरच्यांचा लागायला वर्षं गेली. 'सिस्टिमची चूक' या शब्दाची मला हीच भीती वाटते. तो शब्द खालच्याला वाचवायला काढलेला असतो, पण वापर वरचेच जास्त करतात. सिस्टिम काही आभाळातून पडत नाही. आठ प्रॉडक्टचं टार्गेट कोणीतरी ठरवलं, रिफंडचा विभाग आठला बंद करायचं कोणीतरी ठरवलं. डब्यात किती लाल मणी घालायचे हे ज्याच्या हातात, त्याची ती वैयक्तिक जबाबदारी. जेवढा अधिकार तेवढी.

तर आपल्या टीम लीड मित्राकडे येऊ. त्याच्या हातात डबा नाही आणि तो फळी धरणाराही राहिलेला नाही, तो मधे अडकलाय. अपघातांचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या लिखाणात एक साधी चाचणी आहे, अदलाबदलीची. ज्याचं काम बिघडलं त्याच्या जागी तेवढाच शिकलेला, तेवढाच अनुभवी दुसरा माणूस मनातल्या मनात बसव. तीच शिफ्ट, तोच क्लायंट, तीच मशीन, तीच डेडलाइन. त्याचंही तसंच झालं असतं का? उत्तर 'हो' असेल तर माणसाला दोष देऊन उपयोग नाही, उद्या दुसरा तिथेच पडेल. उत्तर 'नाही' असेल, म्हणजे बाकीचे त्याच परिस्थितीत नीट करतायत, तर मग त्या माणसाशी बोलायचं. आणि तेव्हाही आधी विचारायचं, शिकवलं होतं का? घरी काही आहे का? त्याला माहीत होतं आणि तरी मुद्दाम केलं का? या तिन्ही गोष्टी एकाच रेटिंगच्या खान्यात बसत नाहीत.

मित्रा, तुझ्या सहा जणांचे मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे काढ. शेवटचा दर वर्षी तोच आहे का? की नंबर वरखाली होतायत? वरखाली होत असतील तर तू मणी मोजतोयस. तोच माणूस सतत खाली असेल तर बघ, त्याला दर वेळी तोच कटकटीचा क्लायंट मिळालाय का. ते लिहून काढ आणि वर ने. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनं माणसांची अशी सक्तीची रांग लावणं २०१३ मध्ये बंद केलं, तेव्हा हा विषय काढणं म्हणजे बंड नाही. वरचे कदाचित ऐकणार नाहीत. मग तुला एक नाव द्यावंच लागेल, आणि ते देताना त्या माणसाला खरं कारण तोंडावर सांग, की कोटा होता. 'तुझ्यात ओनरशिप कमी आहे' असलं काही फॉर्ममध्ये लिहू नकोस. तो फॉर्म त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं राहतो.

आणि जे रेटिंगच्या दुसऱ्या टोकाला आहात, म्हणजे आपण बहुतेक सगळे, त्यांच्यासाठी दादाची वही. आजपासून मोबाईलमध्ये एक नोट उघडा. काम अडलं की तारीख, किती वेळ, कशामुळे, एवढंच. 'क्लायंटकडून माहिती तीन दिवस उशिरा.' 'सर्व्हर बंद, दोन तास.' आणि हो, 'माझ्याकडून राहिलं' हेही लिहायचं. तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं तरच बाकीच्या ओळींवर कोणी विश्वास ठेवतं. वर्षाच्या शेवटी 'मी खूप मेहनत केली' म्हणण्यापेक्षा 'चाळीस वेळा काम थांबलं, त्यातलं सव्वीस वेळा या एका कारणानं' असं म्हटलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. वर्षाच्या शेवटपर्यंत थांबूही नका. दादानं दोन आठवड्यांत वही नेली आणि तरी त्या मुलीसाठी उशीर झाला.

तुमच्या ऑफिसात 'डबा' कुठला आहे, आणि दोरी आहे का, असली तर ओढल्यावर काय होतं, हे मला व्हॉइस नोट करून पाठवा. कंपनीचं नाव घेऊ नका, तुमचंही नको. निवडक नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. पुढच्या वेळी नोटीस पिरियडबद्दल बोलायचंय, तेव्हा राजीनामा टाइप करून ठेवला असेल तर जरा थांबा, आधी तो एपिसोड ऐका. चला, भेटू.